तळटीप सतरा

'वार्ताभ्यास' त्रैमासिकाकडून माझा लेख परत आला,
दुसऱ्यांदा.
परीक्षकाचं नाव नाही, नसतंच,
फक्त समासात निळी पेन्सिल:
रिकाम्या कॉलमात काय होतं, याला आधार?
मूळ प्रत कुठे आहे?

मूळ प्रत ही एवढीच, साहेब.
वाचनालयातल्या बांधीव खंडात, पान तीन, चौथा कॉलम,
वरपासून खालपर्यंत पांढरा.
इतकी वर्षं लोकांना तो उपयोगी पडलाय:
कुणी दुधाचा हिशेब केलाय,
कुणी फुलीगोळा खेळून हरलंय.

म्हणून रामबागेत गेले,
बळवंत पिंपळखरे यांच्याकडे.
वय एक्क्याण्णव. खिळेजुळारी.
बोलताना उजव्या हाताची चिमूट
डाव्या हातात नसलेल्या स्टिकमध्ये
एकेक अक्षर बसवत राहते.

"मजकूर? मजकूर कोण वाचतो, ताई.
आम्ही अक्षरं उचलायचो, तीही उलटी.
पण त्या रात्री ळ संपले, ते पक्कं आठवतंय.
टाळेबंदी. पुन्हा टाळेबंदी. गोळी. टोळी. पुन्हा गोळी.
लिहिणाऱ्याचं काय जातं?
कप्प्यात ळ तीसच.
पंधराव्या ओळीला कप्पा साफ!

आणि गाव इंदूर.
हिंदी छापखान्यांत ळ कोण ठेवणार?
सायकल काढली, सियागंज गाठलं.
तिथे आपल्यातला एक होता, लग्नपत्रिका छापायचा.
झोपेतून उठला, तयार फर्मा सोडला,
एका लग्नाचं स्थळ मोडलं, वेळ मोडली,
मंडळी मोडली,
आणि माझ्या तळहातावर ळ ठेवले.
गरम वाटले मला, खोटं नाही सांगत.

पहाटे तीनला एक माणूस आला.
हे काढा म्हणाला.
कुणाचा माणूस? ते नाही सांगणार.
त्याचा नातू समोरच्या गल्लीत राहतो.
काढलं. खिळे सोडले.
ळ परत द्यायला गेलो,
तर पत्रिका छापून झालेली:
स्थल, वेल."

मी तळटीप लिहिली, सतरावी:
मौखिक माहिती, बळवंत पिंपळखरे, खिळेजुळारी.
'ळ' या अक्षराच्या टंचाईवरून
लेख गिरणीतल्या टाळेबंदीवर असावा, असं अनुमान.

निळी पेन्सिल पुन्हा आली:
अनुमान म्हणजे पुरावा नव्हे.
खाली, जरा वेगळ्या दाबाने:
तरी राहू द्यावं.

अंक छापून आला पावणेदोन वर्षांनी.
लेख ठीक.
तळटीप सतरा:
बलवंत पिंपलखरे, खिलेजुलारी.
'ल' या अक्षराची टंचाई.

छापखान्यात फोन केला.
संगणकावरचा चंद्रेश अगदी शांत:
"मॅडम, नीचे वाले छोटे फ़ॉन्ट में
वो टेढ़ा ल आता ही नहीं."

दोन दिवस अंक पिशवीतच ठेवला.
मग गेले. तोंड कसं दाखवायचं म्हणत गेले.
त्यांनी भिंग धरलं,
ओळ उजवीकडून डावीकडे वाचली, सवयीने,
मग पुन्हा एकदा, सरळ.
पोट धरून हसले,
खोकला लागला, सुनेने पाणी आणलं.

"घ्या," म्हणाले, "आता मिळाला ना तुम्हाला आधार?"

पेन्सिल मागितली.
समासात लिहिलं ळ, ळ, ळ, ळ, ळ,
पाच, बरोब्बर पाच,
प्रत्येकाला रेघ ओढून आपापल्या जागी सोडलं.

"वर्गणी किती याची?"
"चारशे. वर्षाला."
"महाग आहे," म्हणाले,
आणि पान उलटून
दुसऱ्या कुणाचा तरी लेख तपासायला बसले,
तारखात्याच्या दरांवरचा.
चहा येईपर्यंत त्यातही तीन चुका निघाल्या.
एक तर आकड्याची होती.